लॅपटॉप उघडला की वायफाय पकडत नाही: दोष शोधायचा कसा आणि काढायचा कसा

मिरजेला माझी धाकटी बहीण ऑनलाइन शिकवण्या घेते. दुपारी जेवायला उठताना लॅपटॉप मिटवून ठेवायचा, चार वाजता उघडायचा आणि लगेच क्लास सुरू करायचा, हा तिचा रोजचा क्रम. पावसाळ्यात एकदा तिचा फोन आला, "दादा, हे रोजचंच झालंय. उघडला की नेट गायब. रीस्टार्ट केला की येतं, पण तोवर पालकांचे फोन सुरू होतात." तोपर्यंत तिने राउटर बदलला होता. नेट देणाऱ्यांचा माणूस येऊन केबलही बदलून गेला होता. दोष दोन्हीकडे नव्हता. तो लॅपटॉपच्या आत होता आणि सापडायला एक संध्याकाळ पुरली.

हा त्रास कितीतरी जणांना होतो आणि बहुतेक जण रीस्टार्ट हाच उपाय धरून वर्षानुवर्षं काढतात. काही जण उलट करतात. दिसेल तो उपाय एका बैठकीत करून टाकतात. मग नेट सुरू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा बंद पडलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, लॅपटॉप झोपवायचा (म्हणजे झाकण मिटवून 'स्लीप'मध्ये न्यायचा), उठवायचा, काय झालं ते वहीत लिहायचं आणि मगच पुढचा बदल करायचा. हे कंटाळवाणं वाटतं, पण मला तरी याहून जवळचा रस्ता सापडलेला नाही.

पुढचं बरंचसं विंडोज ११ धरून लिहिलं आहे. विंडोज १० असेल तर पडदे थोडे वेगळे दिसतील, पण नावं जवळपास तीच आहेत. लिनक्स आणि मॅकचं पुढे थोडक्यात येईल.

आधी हात न लावता बघा

लॅपटॉप उघडल्यावर निदान वीस सेकंद थांबा. लॅपटॉपच्या आतल्या वायफाय कार्डाला जागं व्हायला, राउटर शोधायला आणि त्याच्याकडून पत्ता घ्यायला तेवढा वेळ लागू शकतो. त्यानंतरही नेट नसेल तर खाली उजवीकडच्या चिन्हावर क्लिक करा आणि नीट बघा. तीनपैकी एक प्रकार दिसेल.

पहिला प्रकार: वायफायचं बटणच नाही, किंवा आहे पण दाबलं तरी चालू होत नाही. म्हणजे कार्डच उठलेलं नाही.

दुसरा: वायफाय चालू आहे, शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, पण आपलं दिसत नाही, किंवा दिसतं आणि जोडलं जात नाही. कार्ड जागं आहे, राउटरशी त्याचं जमत नाही.

तिसरा: 'कनेक्टेड' असं लिहिलंय, पण एकही पान उघडत नाही.

या तिन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे. पहिल्या प्रकारात राउटर बदलून काही उपयोग नाही, आणि तिसऱ्या प्रकारात ड्रायव्हरच्या (विंडोजला कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागणं म्हणजे फुकटची मेहनत.

कोणत्या प्रकारात मोडतं याची शंका असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट वापरून बघा. लॅपटॉप झोपवा, उठवा आणि घरच्या वायफायऐवजी हॉटस्पॉटला जोडा. पण हॉटस्पॉट लॅपटॉप उठवल्यानंतर चालू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये कुणी जोडलेलं नसलं की थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद होतो, आणि मग दोष नसताना लॅपटॉपवर आळ येतो. हॉटस्पॉट प्रत्येक वेळी पकडत असेल तर संशय राउटरवर. तोही पकडत नसेल तर लॅपटॉपवर.

लॅपटॉप किती वेळ झोपला होता तेही लिहून ठेवा. बहिणीच्या लॅपटॉपवर दोन मिनिटांच्या झोपेनंतर नेट व्यवस्थित यायचं, तासाभरानंतर कधीच नाही. हे माहीत नसतं तर प्रत्येक बदलानंतर दोन मिनिटं झोपवून बघितलं असतं आणि पहिल्याच उपायाला 'झालं' म्हणून मोकळे झालो असतो. तुमच्याकडे दोष जितक्या वेळानंतर येतो, तितकाच वेळ प्रत्येक चाचणीत द्या.

कार्डच उठत नसेल तर

लॅपटॉपच्या झोपेचे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत, जिला एस३ म्हणतात, फक्त मेमरीला वीज राहते आणि बाकी जवळजवळ सगळं बंद होतं. उठताना ड्रायव्हरला कार्ड नव्याने उभं करावं लागतं. नव्या पद्धतीत, म्हणजे मॉडर्न स्टँडबायमध्ये, लॅपटॉप मोबाइलसारखा अर्धवट जागा असतो. कार्ड अगदी कमी विजेवर पडून असतं आणि हाक मारली की त्याने उठायचं असतं. दोन्हीकडे ड्रायव्हर कच्चा असला की ही हाक कार्डापर्यंत पोचत नाही.

आपला लॅपटॉप कोणत्या प्रकारचा, हे कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'पॉवरसीएफजी /ए' ही कमांड दिली की कळतं. (इंग्रजी अक्षरांत, पॉवर आणि सीएफजी जोडून, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए.) वरच्या, म्हणजे उपलब्ध प्रकारांच्या यादीत 'एस३' दिसलं तर जुनी पद्धत, 'एस० लो पॉवर आयडल' दिसलं तर नवी. हे आधी बघा, कारण इंटरनेटवर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय नव्या पद्धतीच्या बऱ्याच लॅपटॉपवर सापडतच नाही आणि लोक तो शोधत बसतात.

तो उपाय असा. स्टार्ट बटणावर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये वायफायच्या कार्डावर दोनदा क्लिक करा आणि 'पॉवर मॅनेजमेंट' या टॅबवर जा. तिथे 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' या ओळीपुढची खूण काढा आणि ओके करा. वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची मुभा आपण काढून घेतली. एस३ वाल्या लॅपटॉपवर अनेकदा एवढ्यावरच काम होतं. बॅटरी थोडी जास्त खर्च होते, पण रोजच्या वापरात ते जाणवत नाही.

बहिणीच्या लॅपटॉपवर हा टॅबच नव्हता. मॉडर्न स्टँडबाय असलं की असं होतं. त्यात आपलं काही चुकलेलं नसतं. पण डिव्हाइस मॅनेजर उघडाच होता, तेव्हा लॅपटॉप तासभर झोपवून पुन्हा उठवला. कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आला होता. त्यावर दोनदा क्लिक केल्यावर 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट' आणि पुढे 'कोड १०'. एका ओळीत निदान झालं: कार्ड उठायचा प्रयत्न करतं आणि ड्रायव्हर त्याला उभं करू शकत नाही. तिथेच उजवं क्लिक करून 'डिसेबल डिव्हाइस' आणि मग 'एनेबल डिव्हाइस' केलं, तर दहा सेकंदांत वायफाय परत आलं. घाईच्या वेळी रीस्टार्टपेक्षा हे बरं. आणि असं केल्याने नेट येत असेल तर कार्ड शाबूत आहे, दोष ड्रायव्हरचा आहे, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

ड्रायव्हर: इथे वेळ घालवा

कार्डाच्या त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' टॅबवर तारीख आणि आवृत्ती दिसते. ती वहीत लिहा. आता दोन शक्यता.

त्रास अगदी अलीकडे, एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबता येतंय का बघा. येत असेल तर दाबा. आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल तर मागे जायला जुना ड्रायव्हर साठवलेला नाही.

त्रास पहिल्यापासून असेल, किंवा ड्रायव्हरची तारीख लॅपटॉप घेतला त्या काळातली असेल, तर नवा ड्रायव्हर हवा. तो आणायचा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक घालून. 'अपडेट ड्रायव्हर'ला विंडोज पुष्कळदा 'आहे तोच उत्तम आहे' असं उत्तर देतं. त्यावर थांबू नका. 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. चुकीचा ड्रायव्हर बसवून ठेवलेले लॅपटॉप दुरुस्त करण्यात माझे बरेच रविवार गेले आहेत.

सपोर्ट पानावर असताना बायोसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, लॅपटॉपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती आली आहे का तेही बघा. झोपेतून उठताना कोणत्या भागाला कधी वीज द्यायची यात बायोसचा मोठा हात असतो, म्हणून झोपेशी संबंधित दुरुस्त्या बऱ्याचदा बायोसमधून येतात. बायोस बदलताना चार्जर लावलेला असावा, बॅटरी भरलेली असावी आणि मध्ये लॅपटॉपला हात लावू नये.

नवा ड्रायव्हर बसवूनही फरक पडला नाही तर जुना मुळासकट काढावा लागतो. पण आधी नव्या ड्रायव्हरची फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा, नाहीतर वायफाय नसताना वायफायचा ड्रायव्हर शोधायची वेळ येते. मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, ड्रायव्हरही काढून टाकायचा पर्याय विचारला तर त्याला खूण करा, रीस्टार्ट करा आणि उतरवलेली फाइल चालवा.

बहिणीच्या लॅपटॉपवरचा ड्रायव्हर खरेदीच्या वेळचा, चार वर्षं जुना होता. नवा ड्रायव्हर आणि नवा बायोस, दोन्ही घातले. पण एकदम नाही. आधी ड्रायव्हर, मग तासाभराची झोप. पहिल्या वेळी नेट आलं, दुसऱ्या वेळी गेलं. बायोस घातल्यानंतर पाच वेळा झोपवला आणि पाचही वेळा आलं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. विंडोजमध्ये 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' सारखे नसतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जतन करतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. त्यामुळे बिघडलेली अवस्था तशीच परत येऊ शकते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून ड्रायव्हर बदलल्यावर रीस्टार्टच करा. शट डाउन करून चालू केल्यावरही नेट नाही आणि रीस्टार्टने येतं, असं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', आणि खालची खूण काढा.

त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग्जमध्ये 'वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज' दिसत असेल तर बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' निवडा. यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल वापरत असाल तर तिथलंच 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून बघा, आणि डोंगल हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा.

कार्ड जागं आहे, पण राउटरशी जमत नाही

सगळ्यात सोपं आधी: त्या नेटवर्कवर उजवं क्लिक करून 'फर्गेट' करा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. राउटरची सुरक्षा बदलली असेल, समजा डब्ल्यूपीए२ वरून डब्ल्यूपीए३ वर गेली असेल, तर लॅपटॉपने जपलेली जुनी माहिती आड येते. राउटर 'डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र' असा ठेवला असेल आणि जुन्या कार्डाला ते झेपत नसेल, तर काही दिवस नुसता डब्ल्यूपीए२ ठेवून बघा.

आपलं नेटवर्क यादीत दिसतच नसेल तर बहुतेक वेळा प्रश्न चॅनेलचा, म्हणजे राउटर ज्या ठरावीक लहरीवर बोलतो तिचा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज क्षणभर जाते. इन्व्हर्टर वीज उचलतो, पण तेवढ्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लॅपटॉप झोपलेला असल्यामुळे त्याला यातलं काहीच कळत नाही. चॅनेल 'ऑटो' असेल तर राउटर नव्या चॅनेलवर बसलेला असतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ या दरम्यानच्या चॅनेलांवर रडारचा नियम लागू असतो. तिथे बोलण्याआधी राउटरला निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं, आणि रडार ऐकू आलं तर जागा सोडावी लागते. तेवढ्यात तुम्ही लॅपटॉप उघडला तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत नसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ पैकी एक चॅनेल कायमचा देऊन टाका. २.४ गिगाहर्ट्झला १, ६ किंवा ११ द्या. १२ आणि १३ हे चॅनेल काही लॅपटॉपना दिसतच नाहीत.

२.४ आणि ५ दोन्हींचं नाव एकच असेल तर तात्पुरती वेगळी नावं द्या. मग नेमकी कोणती लहर पकडत नाही ते लगेच कळतं.

'कनेक्टेड' आहे, पण नेट नाही

सेटिंग्जमध्ये वायफाय नेटवर्कचे गुणधर्म उघडा आणि 'आयपीव्ही४ अॅड्रेस' वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. लॅपटॉपने स्वतःच काहीतरी धरून घेतलंय. राउटर हे पत्ते ठरावीक मुदतीवर देतो. झोपेत मुदत संपली आणि उठल्यावर नवा पत्ता मागताना गडबड झाली की असं होतं. वायफाय बंद करून चालू केलं की तात्पुरतं सुटतं. वारंवार होत असेल तर 'आयपी असाइनमेंट' हे 'ऑटोमॅटिक' आहे ना ते बघा. कुणीतरी कधीतरी हाताने पत्ता घालून ठेवलेला असतो आणि आता तोच पत्ता घरातल्या टीव्हीला मिळालेला असतो.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे ठीक दिसत असेल, तर ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडून बघा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. ते उघडलं म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांचं बोलणं चालू आहे. मग फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा आहे का बघा. असेल तर तक्रार कंपनीकडे. तो नसेल आणि तुम्ही ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल, तर संशय त्यावर. झोपेत व्हीपीएनचा बोगदा तुटतो, पण सॉफ्टवेअर तो शाबूत आहे असं धरून सगळं नेट अडवून ठेवतं. व्हीपीएन पूर्ण बंद करून बघा.

होस्टेल, कॉलेज, वाचनालय अशा ठिकाणी जोडल्यावर लॉगिनचं पान येतं. तिथे झोपेनंतर पुन्हा लॉगिन करावं लागतं आणि कधी ते पान आपोआप येत नाही. सेटिंग्जमध्ये 'रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस' चालू असेल तर तुमचा लॅपटॉप अशा ठिकाणी वेगळाच कुणी वाटतो. त्या एका नेटवर्कपुरतं ते बंद ठेवा.

लिनक्स आणि मॅक

उबुंटूवर कार्ड उठत नसेल तर त्या कार्डाचा मॉड्यूल (लिनक्सचा ड्रायव्हर) 'मॉडप्रोब' या कमांडने काढून पुन्हा चढवा. नेट आलं तर तेच काम प्रत्येक उठण्यावर आपोआप करणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या 'सिस्टम-स्लीप' फोल्डरमध्ये ठेवता येते. नेटवर्क मॅनेजरमध्ये वायफायचं 'पॉवरसेव्ह' ३ असेल तर २ करा. २ म्हणजे बंद. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की चॅनेल आणि सिग्नलची ताकद दिसते, आणि तिथूनच वायरलेस डायग्नोस्टिक्सही उघडता येतं. जपलेलं नेटवर्क काढून नव्याने जोडणं मॅकवरही बरेचदा पुरतं.

कशानेच सुटलं नाही तर

कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही कमांड द्या. (चार इंग्रजी शब्द: एनईटीएसएच, डब्ल्यूएलएएन, शो, आणि डब्ल्यूएलएएन-रिपोर्ट जोडून.) गेल्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो. कधी जोडलं, कधी तुटलं आणि का, हे त्यात वेळेसकट असतं. लॅपटॉप उठल्याच्या वेळेच्या आसपासच्या लाल खुणा वाचा. अंदाजाने शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

'नेटवर्क रीसेट' हा पर्याय मी फार उशिरा वापरतो. त्याने जपलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या सेटिंग्ज जातात. पासवर्ड लिहून ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नका.

ड्रायव्हर आणि बायोस दोन्ही नवे असूनही कार्ड उठत नसेल तर झोपेऐवजी हायबरनेट वापरा. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडता येतं. तिथे 'हायबरनेट' द्या. त्यात मेमरी डिस्कवर लिहून लॅपटॉप खरोखर बंद होतो आणि उठताना कार्ड नव्याने उभं राहतं. उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, पण उघडलेलं काम जसंच्या तसं राहतं. ज्यांच्या लॅपटॉपला कंपनी आता नवे ड्रायव्हर देत नाही त्यांना मी हेच सुचवतो.

आणि कार्ड रीस्टार्टनंतरही दिसत नसेल, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेली वीज जाते. तरीही कार्ड दिसलं नाही तर ते ढिलं झालं असेल किंवा गेलं असेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते एका स्क्रूने बसवलेलं छोटं कार्ड असतं आणि बदलता येतं. काहींमध्ये मात्र मदरबोर्डवरच डकवलेलं असतं. दुकानात नेताना वही सोबत न्या: कोणता प्रकार, किती वेळाच्या झोपेनंतर, हॉटस्पॉटवर काय झालं, ड्रायव्हरची तारीख, बायोसची आवृत्ती, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड. एवढं समोर ठेवलं की दुकानदार विंडोज पुसून नव्याने टाकायच्या आधी कार्ड उघडून बघतो.